बोंडूच्या दिवसात सत्तरीला एक बस सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांब होणार आहे, जागा कमी पडली तर मधलं काय ते गाळा पण बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, दिवसात पणजीहून आमच्या सत्तरीला बस सोडायचं तेवढं ठेवा, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

मी सत्तरी तालुक्यातल्या वाळपईची. शाळेत शिकवायचे, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. मुलगी आणि जावई पोर्तुगालला असतात, लिस्बनच्या खाली सेतूबाल म्हणून बंदराचं शहर आहे तिथे. मागच्या सप्टेंबरात मी आणि आमचे हे पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो, पाच आठवडे राहिलो. जायच्या आधी ती फोनवर सांगायची, आई, हा सगळा द्राक्षाच्या मळ्यांचा भाग, वाईनचा, आणि समुद्र पण लागूनच, तुला फिरायला खूप आवडेल. आमच्या घरात कोणी घेत नाही, यांना डायबिटीस, त्यामुळे मी तिला सरळ विचारलं की वाईनच्या गावात आम्ही दोघं काय बघणार गो? ती म्हणाली, या तर खरं.

आणि खरंच सांगते, पाच आठवड्यात एक घोटही न घेता आम्ही तो भाग इतका फिरलो की आपल्या गोव्यात आयुष्य काढून मी तेवढी फिरले नसेन. हेच मला इथे आल्यापासून खातंय.

तिथे पहिली गोष्ट म्हणजे गाडी लागत नाही. ४० युरोचा महिन्याचा पास काढला की लिस्बन शहर आणि आजूबाजूचा सगळा भाग, ट्रेन, पिवळ्या बसेस, सगळं त्यात. मुलगी कामाला गेली की आम्ही दोघं डबा घेऊन निघायचो. एक दिवस अझेयतांव म्हणून गावात गेलो, तिथे १८३४ सालची एक वाईनची पेढी आहे, जुनं घर, आत बाग, मग अंधारी कोठारं आणि त्यात माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी पिंपं. दाखवणारी पोरगी पंचविशीची असेल, त्याच गावची. तिने आधी दारूचं काही सांगितलंच नाही, आधी मातीचं सांगितलं. म्हणाली, पाल्मेलाकडच्या सपाटीवर वाळू आहे, तिथे एक जात चांगली येते, आणि डोंगराच्या उतारावर चुनखडी आणि चिकणमाती आहे तिथे मोस्कातेलची द्राक्षं येतात. मग त्या द्राक्षांची मोस्कातेल नावाची गोड वाईन कशी होते ते, म्हणजे रस आंबत असतानाच मध्ये कडक स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, गोडी तशीच राहते, आणि सालं पुढे कित्येक महिने त्यात भिजत ठेवतात म्हणून तो वास उतरतो. १९०७ साली या मोस्कातेलचा प्रदेश आखून दिला म्हणे, कुठल्या हद्दीत पिकलेल्या द्राक्षाला हे नाव लावायचं ते ठरवून. मी ऐकत होते आणि डोक्यात सारखी आमची भाटी, म्हणजे फेणी काढायची जागा, येत होती. माझ्या माहेरी सासऱ्यांच्या काळापासून, म्हणजे माझ्या आजीच्या सासऱ्यांच्या, काजूचा डोंगर आणि भाटी. लहानपणी बोंडू तुडवलेत मी या पायांनी. आम्ही वाईन घेत नाही म्हटल्यावर तिने आम्हाला द्राक्षाचा साधा रस दिला आणि तेवढ्याच प्रेमाने दिला, तोंड वाकडं नाही केलं.

पाल्मेलाला सप्टेंबरच्या सुरुवातीला द्राक्षतोडणीची जत्रा भरते, १९६३ पासून भरतेय. त्यात द्राक्षं पायांनी तुडवतात आणि पहिल्या रसाला आशीर्वाद द्यायला पाद्री येतो. पोरं, म्हातारी माणसं, सगळे रस्त्यावर. वरती किल्ला, किल्ल्यावरून एका बाजूला सादो नदीची खाडी दिसते, हवा स्वच्छ असली तर लांब लिस्बन पण.

पण मला सगळ्यात लागून राहिला तो आर्राबिदाचा डोंगर. आपल्या सह्याद्रीपुढे काहीच नाही तो, सगळ्यात उंच टोक ५०१ मीटर, पण थेट समुद्रात उतरतो, चुनखडीचा पांढरा कडा आणि खाली हिरवं-निळं पाणी, पाणी बर्फासारखं थंड. १९७६ पासून तो राखीव निसर्ग उद्यान आहे. झुडपांचा असा वास येतो उन्हात की काय सांगू, रोजमेरी, थाईम असलं सगळं रानात आपोआप उगवलेलं. आणि ऐकण्यासारखी गोष्ट ही की उन्हाळ्यात तिथल्या किनाऱ्यांवर खाजगी गाड्या नेऊच देत नाहीत. रस्ता बंद. सेतूबालहून बस सुटते, त्या बसने जायचं, त्या बसने यायचं. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली असेल, कुठे करत नाहीत, पण आता रांगेत उभे राहून बसने जातात. अरुंद रस्ता आहे, आपल्या चोर्ला घाटासारखाच वळणावळणाचा, त्यावर शनिवार-रविवारी हजार गाड्या गेल्या असत्या तर त्या डोंगराचं काय झालं असतं. आम्ही गेलो तेव्हा सीझन संपत आला होता तरी बस चालू होती, ड्रायव्हरने आम्हाला परत कधी, कुठे उभं राहायचं ते बोटांनी दाखवून समजावलं कारण भाषा येत नव्हती.

अजून एकच सांगते तिथलं. काबु एश्पिशेल म्हणून टोक आहे, समुद्रात घुसलेला कडा, वर एक जुनं चर्च. तिथल्या तिरप्या कातळावर डायनासोरच्या पावलांची रांग आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीची. पण शास्त्रज्ञांनी ओळखायच्या आधी गावकरी काय मानत होते, तर सायबीण, म्हणजे मेरीमाता, समुद्रातून खेचरावर बसून कडा चढून वर आली, तिच्या खेचराच्या टापा त्या. छोट्या घुमटीत निळ्या टाइल्सवर ती गोष्ट चितारलेली आहे. आता तिथे दोन्ही गोष्टी सांगतात, खेचराची पण आणि डायनासोरची पण, एकीला पुसून दुसरी नाही. हे बघताना आमचे हे म्हणाले, अगो, हे आपल्या उसगाळीमळासारखं झालं. अगदी बरोबर. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडावर बैल, हरणं, मोर, तो गोल गोल चक्रव्यूह, शंभरावर चित्रं कोरलेली आहेत, आणि गावचे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले की ही गुराख्यांनी कोरली. १९९३ साली अभ्यासकांनी पाहिली तेव्हा जगाला कळलं की हजारो वर्षं जुनी आहेत. आम्ही दोघं वीस वर्षांपूर्वी एकदा गेलो होतो. आता जावं म्हटलं तर गाडी करूनच जायला लागतं.

आता मी मुद्द्यावर येते.

आपला गोवा द्राक्षाचा नाही, आपल्याकडे पाऊस एवढा आणि हवा एवढी दमट की वाईनची द्राक्षं इथे धरत नाहीत, गोव्यात जी वाईन बनते तिची द्राक्षं घाटावरून येतात. पण आपल्याकडे काजू आहे. झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं खरं, पण बोंडूपासून हुर्राक आणि फेणी ही दारू काढायची विद्या इथली, गोव्याच्या माणसाची. २००९ साली फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, म्हणजे मोस्कातेलला तिथे १९०७ ला जे मिळालं त्याच जातीचं काहीतरी आपल्याला मिळालं. २०१६ मध्ये सरकारने हेरिटेज ड्रिंक पण म्हटलं. आणि मग? बाटली देखणी झाली, विमानतळावर मिळते, किनाऱ्यावरच्या बारमध्ये मिळते. पण बोंडू कुठे पडतो, कोण उचलतो, तो डोंगर कसा दिसतो मार्चच्या सकाळी, हे किती जणांनी पाहिलंय? भायल्यांचं सोडा, पणजीच्या, मडगावच्या आपल्या पोरांनी पाहिलंय का?

एप्रिलमध्ये माझी भाची पणजीहून दोन पोरांना घेऊन आली होती. धाकटा आठ वर्षांचा, हुशार आहे, पण त्याने मला विचारलं की मावशीआजी काजूची बी फळाच्या आत असते का? मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशी साडेसहाला उठवून दोघांना डोंगरावर नेलं, माहेरच्या. तिथे गेल्यावर त्याला कळलं की बी बाहेर लटकते आणि फळ वर. आमचे गडी आणि बायका सहालाच आलेल्या असतात. झाडावरचा बोंडू तोडायचा नाही हे पहिलं शिकवलं, जो रात्रीत आपोआप पडला तोच उचलायचा, पिकून पडला तोच गोड. काठीच्या टोकाला खिळा लावलेला असतो, वाकायला नको म्हणून, त्याने टोचून टोचून टोपलीत टाकायचा. मग बसून बी पिळून वेगळी करायची. पोरांनी दोन टोपल्या भरल्या, मोठीने तर टोपली डोक्यावर घेऊन खाली आणली. पायाला तुरट रस लागून कातडी ओढल्यासारखी होते, कपड्याला डाग पडला तर जात नाही, भाची ओरडत होती पण मी म्हटलं पडू दे.

मग कोळमीवर नेलं. कोळमी म्हणजे कातळात कोरलेली बोंडू तुडवायची जागा, आमची आजोबांच्या आधीची आहे. आता पुष्कळ जणांनी मशीन घेतलं, आमच्याकडे अजून थोडं पायाने होतं. तुडवून झालं की चोथ्याचा ढीग करून त्याला रानातली वेल गुंडाळायची, वर मोठा धोंडा ठेवायचा, आणि मग जे थेंब थेंब गळतं तो निरो. सकाळचा, थंडगार, गोड, जरासा घशाला धरणारा. तो सकाळीच प्यायचा, संध्याकाळपर्यंत आंबायला लागतो, म्हणून तो पणजीला पोचतच नाही नीट, बाटलीतून पोचला तर त्याची ती चव राहत नाही. त्यासाठी इथेच यायला लागतं. पोरांनी तीन-तीन पेले प्याले. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, चढवतात, खाली लाकडं, वाफ नळीतून लावणीत, म्हणजे ती थंड करायच्या भांड्यात, उतरते, लावणीवर पाणी ओतत राहायचं नाहीतर वाफेचं पाणी होत नाही. पहिल्यांदा निघतो तो हुर्राक, हलका, आणि हुर्राकात परत रस घालून दुसऱ्यांदा चढवलं की फेणी. भाटीवरच्या काकांनी त्या आठ वर्षांच्याला हे सगळं असं सांगितलं की मी तीस वर्षं शिकवून मला तसं सांगता आलं नसतं, वाफ आणि द्रव म्हणजे काय हे त्याला आता जन्मभर विसरायला होणार नाही. आणि हो, थेंबभर पण दारू पोरांच्या तोंडाला लागली नाही, लावायची गरजच नव्हती.

नाश्त्याला पेज आणि फणसाची भाजी, आणि भाची म्हणाली मावशी, हे सगळं असं आहे हे मलाच माहीत नव्हतं. ती पणजीत वाढलेली, चाळीस वर्षांची बाई, गोंयकार.

दुपारी तिला म्हटलं अजून थोडं फिरवते. इथे खरं दुखणं सुरू झालं. तिची गाडी गॅरेजात होती म्हणून ती बसने आली होती, आणि आमच्या यांना आता गाडी चालवायला डॉक्टरांनी मना केलंय. केरीला आजोबाची राई दाखवायची होती, ती देवराई, आत शिरलं की एप्रिलच्या उन्हात पण अंगावर गारवा येतो, पुढे अंजुणेचं धरण, मागे घाटाचा डोंगर. परत येताना साखळीला, म्हणजे हरवळ्याला धबधबा आणि पांडवांची लेणी, सहाव्या-सातव्या शतकातली मानतात, जांभ्यात कोरलेली, आत लिंगं. एप्रिलमध्ये धबधब्याला पावसाळ्यासारखं पाणी नसतं, बारीक धार असते, पण खाली रुद्रेश्वराच्या देवळापाशी बसलं की बरं वाटतं. हे सगळं अर्ध्या दिवसात होतं. बसने मात्र होत नाही. एका ठिकाणी उतरलं की पुढची बस कधी याचा कुठे बोर्ड नाही, दुकानदाराला विचारायचं, तो म्हणणार येईल अर्ध्या तासात, आणि ती येत नाही. केरीहून आम्ही दीड तास उन्हात उभे, पोरं रडकुंडीला आली, बायकांना जायला एक धड जागा नाही. शेवटी भाड्याची गाडी केली तर त्याने जे सांगितलं ते द्यायलाच लागलं. हरवळे राहिलंच.

म्हणून माझं मागणं एकच आहे आणि ते फार मोठं नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, बोंडू पडतो तोपर्यंत, दर शनिवारी-रविवारी पहाटे पणजीच्या स्टँडवरून एक बस सोडा. कदंबची, म्हणजे सरकारची, साधी बस चालेल, एसी नको. सहाला सुटली की तासा-सव्वा तासात वाळपईला. तिथून काजूचा डोंगर, जे बागायतदार तयार असतील त्यांच्याकडे आळीपाळीने, तिथे निरो, भाटी, गावच्याच कोणाच्या घरी जेवण, दुपारी ऊन चढलं की देवराईत, आणि परतीला हरवळे. संध्याकाळी पाचला पणजी. सोबत गावची एक पोरगी किंवा पोरगा सांगायला, त्या अझेयतांवच्या मुलीसारखा. आमच्या सत्तरीत शिकून घरी बसलेली पोरं किती आहेत ते मला विचारा, माझेच विद्यार्थी आहेत. त्यांना महिनाभर शिकवायला मी येईन, पैसे नकोत.

बसच का म्हणते त्याला एक कारण अजून आहे आणि ते उघड बोलायला हवं. भाटीवर लोक येणार तर काही जण हुर्राक घेणारच, त्यासाठीच येणारे पण असतील, आणि ताजा हुर्राक या दिवसातच मिळतो, जून लागला की संपला. हलका म्हणून लोक लिंबू-मीठ-मिरची, लिम्का घालून पाण्यासारखा पितात, कडक नाही असं समजतात आणि मग गाडीवर बसतात. आमच्या रस्त्यावर मार्च-एप्रिलच्या रविवारी संध्याकाळी काय चालतं ते इथले लोक बघतात. भाड्याच्या स्कुटर, हेल्मेट नाही, वळणावर ओव्हरटेक. गेल्या वर्षी आमच्या वाड्यापुढे दोघे घसरले, नशीब की वाचले. काजूच्या डोंगरावर माणसं येऊ देत, मला हवीच आहेत, पण गाडीच्या चाव्या घरी ठेवून येऊ देत. आर्राबिदाला डोंगर वाचवायला रस्ता बंद करतात, आपण माणसं वाचवायला तरी बस देऊया.

काही लोक म्हणणार की जंगलात गर्दी नको. मला पण नको. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, दिवसेंदिवस डोंगर जळत होते, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत फिरत होती, आमच्या अंगणात राख पडत होती. ते दिवस मी विसरणार नाही. बोंडूचे दिवस आणि वणव्याचे दिवस एकच आहेत, सुकलेलं गवत, एक सिगारेट पुरे. म्हणून तर मोजकी माणसं, ठरलेल्या डोंगरावर, ज्याची बाग आहे तो माणूस समोर उभा असताना. मोकाट कुठेही जायला मी सांगत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये नेत्रावळीच्या एका धबधब्यावर माणसं बुडाली आणि मग सरकारने धबधब्यांवर बंदी घातली. बंदी घातली ते समजू शकते, जीव जातात तर काय करणार, पण दरवेळी आपलं हेच, आधी कुणीही कसंही जायचं आणि मग कुणीच नाही जायचं. मधला रस्ता म्हणजे सोबत जाणारा माणूस, ठरलेली वेळ, ठरलेली संख्या. तो करायला आपल्याला जड का जातं ते मला कळत नाही.

पणजीत काजूचा महोत्सव झाला तेव्हा मी गेले होते. वाईट नव्हता, स्टॉल होते, बोंडूचे जॅम, सरबतं, बचत गटाच्या बायकांची विक्री पण बरी झाली असं त्या म्हणाल्या. पण मंडपात बोंडूचा वास नाही येत हो. मार्चच्या दुपारी आमच्या वाड्यावर भाटी लागली की सगळ्या गावात जो वास पसरतो, कुणाला तो आवडत नाही, माझी मुलगी लहानपणी नाक धरायची, आणि आता ती फोनवर विचारते आई, भाटी लागली का? तो वास तंबूत आणता येत नाही. महोत्सव करा पण त्यातले थोडे पैसे बसच्या डिझेलला द्या. आणि एखादा बोर्ड, देवनागरीत लिहिलेला, कुठून कुठे आणि किती वाजता, एवढा तरी. तिथे पोर्तुगीजमध्येच सगळं लिहिलेलं होतं तरी आम्हाला वेळ कळायची कारण आकडे होते.

सत्तरीवर थांबायला नको हे पण. एकदा ही बस चालली की दुसरी सांगेला न्या. उसगाळीमळची ती कातळचित्रं, रिवणच्या गुहा, नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी जिथे टाळी वाजवली की पाण्यातून बुडबुडे वर येतात, आणि मे महिन्यात कुर्डी. कुर्डी साळावली धरणाखाली गेलेलं गाव, वर्षभर पाण्यात असतं, मेमध्ये पाणी उतरलं की घरांचे पाये, तुळशीवृंदावनं वर येतात आणि गावचे लोक, आता कुठे कुठे विखुरलेले, सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. आपल्या संगीताच्या माणसांनी तरी तिथे एकदा जाऊन बसायला हवं. त्या गावच्या लोकांना विचारून, त्यांच्या दिवसाला त्रास न होता, एवढं मात्र पाळायचं. सादोच्या काठी मिठागरात फ्लेमिंगो बघायला लोक ट्रेनने येतात, आणि आपल्या आगरवाड्याची मिठागरं, तिथे जानेवारीपासून मीठ काढतात, ती आपल्या शाळेच्या सहलीत पण नसतात. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरचं, पणजीहून पाव तासावर, तिथे माझ्या भाचीची पोरं गेली नाहीत. वॉटर पार्कला तीनदा गेली.

मी हे सगळं एका ऑफिसात लेखी दिलंय, जून महिन्यात. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला, पण म्हणाले, मॅडम उन्हाळ्यात आत कोण येणार, लोक बीचवरच जातात. मी त्यांना म्हटलं, नेणारी बस असली तर येतील, नसली तर बीचवरच जातील. पुढे काही कळलं नाही. म्हणून तुमच्याकडे लिहितेय, छापलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेला पडेल, एखादा बागायतदार पुढे येईल, एखादी पंचायत म्हणेल आम्ही जागा देतो, बायकांसाठी बाथरूमची सोय करतो.

आमचं ठरलंय. यंदा फेब्रुवारीत पहिला बोंडू पडला की माहेरचा डोंगर आम्ही रविवारी सकाळी उघडा ठेवणार, भावाला विचारलंय, तो हो म्हणालाय. वीस माणसं, जास्त नाही. निरो फुकट, पेज फुकट, पायात बंद चपला घालून या कारण खाली काटे असतात, डाग पडले तर चालतील असे कपडे घाला, आणि काडेपेटी, सिगारेट खाली भावाकडे द्यायची, ते मी बघणार. बस मिळाली तर सकाळी सव्वासातला वाळपईच्या स्टँडवर मी स्वतः उभी असेन. नाही मिळाली तर वाळपईपर्यंत कसं यायचं ते तुम्ही बघा, तिथून पुढे गावातल्या पोरांची एक टेम्पो ट्रॅव्हलर सांगून ठेवलीय, त्याचे पैसे मात्र वाटून द्यावे लागतील.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
निवृत्त शिक्षिका, वाळपई, सत्तरी